सूर्याचं काम

काल माणूस येऊन कूलरला नवा वाळा लावून गेला. पाणी सोडलं, पंखा फिरला आणि ओल्या वाळ्याचा वास घरभर पसरला. बाहेर नागपूरचं एप्रिलचं ऊन रस्ता पांढरा करत होतं. नात, इरा, टीव्हीपुढे मांडी घालून बसली होती. ती पाच वर्षांची. तिच्या कार्टूनमध्ये एक धीट मुलगा आहे, तो रोज कोणाला तरी वाचवायला जातो. आणि एक मुलगी आहे, ती रोज फाटकाशी उभी राहून छातीवर हात ठेवते. कार्टून संपलं की शेजारचा अर्णव येतो आणि दोघं तेच खेळतात. काल अर्णव घरभर उड्या मारत होता आणि इरा सोफ्यामागे गप्प उभी होती. बराच वेळ उभी होती.

"तू काय करते आहेस गं?" मी विचारलं.

"वाट बघते आहे, आजी. माझं तेच काम आहे."

ती अगदी सहज म्हणाली. मी मात्र हातातली भाजी तशीच ठेवून बसून राहिले. वाळ्याचा वास आधीच मला कुठे तरी घेऊन निघाला होता. 'काम' या एका शब्दाने थेट नेऊन पोचवलं.

तेव्हा नागपूर अजून जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं आणि मी तेरा वर्षांची होते. आमची वस्ती विणकरांची. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा करून हातमाग बसवलेला. बाबा सकाळी त्या खड्ड्यात पाय सोडून बसायचे ते दिवे लागेपर्यंत. गल्लीतल्या प्रत्येक घरात माग, म्हणून दिवसभर खटखट, खटखट. माग बाप्यांनी चालवायचा, सूत उकलून, रहाट फिरवत कांड्या बायापोरींनी भरायच्या. ही वाटणी कोणी केली ते कोणी विचारत नसे. त्या खटखटीत शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागे. मी ओरडायची. माय ओरडत नसे. ती हाताच्या खुणांनी सांगायची. भाकर झाली, सूत संपलं, पाणी आण. माझ्या लहानपणातली माय आठवली की आधी तिचे हात दिसतात.

मी सातवीची परीक्षा दिली होती. निकाल लागायचा होता. पुढे हायस्कूल की लग्न, यावर घरात कोणी बोलत नव्हतं, आणि तेच मला भिववत होतं. दुपारी माळवदावर बाया कुरड्या घालायच्या आणि मी वर गेले की त्यांचं बोलणं थांबायचं. आत्या उमरेडहून आली की बाबांशी हळू आवाजात बोलायची. माग थांबवून बोलायची. आमच्या घरात माग थांबला म्हणजे काहीतरी ठरतं आहे, हे मला कळत होतं.

त्याच दिवसांत लिमये बाई घरी आल्या. शाळेत त्या मराठी शिकवायच्या. नवरा वारला तेव्हापासून एकट्याच राहत आणि भर उन्हात डोक्यावरून पदर घेऊन सायकल चालवत. रेडिओवर रविवारी सकाळी मुलांचा कार्यक्रम लागे, त्यासाठी त्या नाटुकली लिहून द्यायच्या. सुट्टीत दर रविवारी पुढे सरकणारं एक नाटक त्यांनी लिहिलं होतं आणि त्यासाठी त्यांना माझा आवाज हवा होता.

बाबांनी माग थांबवला. "काय काम हाये, बाई?"

"बहिणीचं काम आहे. भाऊ मोठ्या कामगिरीवर जातो. ती घरी राहून त्याची वाट पाहते. थोडं रडायचं आहे."

बाबा हसले. "रडाचंच हाये तं जाऊ द्या. ते तं तिले येते."

बाईंच्या घरी तालीम सुरू झाली. गोष्ट अशी होती, की एका गावाच्या वाट्याचं सगळं पाणी एका राक्षसाने डोंगरात कोंडून ठेवलं आहे. सूर्या नावाचा मुलगा ते सोडवायला निघतो. त्याची बहीण चिमणी घरी बसते. "दादा, जाऊ नको रे, मला भीती वाटते," हे तिचं वाक्य. दर भागात ती ते थोडंथोडं बदलून म्हणायची. माझी पंचाईत वेगळीच. मी 'मले' म्हणायची, बाई 'मला' करून घ्यायच्या. 'मला भीती वाटते, मला भीती वाटते' असं घोकत मी घरी जायची आणि एकदा वाटेतच थांबले. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारलं, "बाई, चिमणी काहून नाही जात सूर्यासोबत?"

बाई म्हणाल्या, "मुलगी कशी जाईल डोंगरात?"

मग त्या हातातल्या कागदांकडे बघत राहिल्या. दारात त्यांची सायकल उभी होती, धुळीने भरलेली. "असंच लिहितात गं," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "मीही तसंच लिहिलं."

सूर्याचं काम एका वकिलांच्या मुलाकडे होतं. नाटक सुरू व्हायच्या तोंडावर त्याला गालगुंड झालं. तोंड उघडेना. बाईंनी दोन मुलांकडून वाचून घेतलं. राक्षसाशी बोलताना दोघांचाही आवाज घशातच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "अनसूया, तू म्हण."

मी म्हटलं. बाईंच्या अंगणातली कबुतरं उडाली.

धरमपेठेतली निर्मला नावाची गोड आवाजाची मुलगी चिमणी झाली आणि मी सूर्या. रेडिओवर मुलांची नावं सांगत नसत, त्यामुळे कोण काय आहे हे ऐकणाऱ्याला कळायचा प्रश्न नव्हता. घरी मी फक्त मायला सांगितलं. ती कांड्या भरत होती. तिने ओठांवर बोट ठेवलं. ते बाबांना सांगू नको म्हणून होतं की तिला स्वतःलाच हसू आलं म्हणून, मला समजलं नाही.

रेडिओतली ती खोली अजून डोळ्यांपुढे आहे. जाड दार बंद झालं की बाहेरचं जग संपायचं. मागाच्या आवाजात वाढलेल्या मला तशी शांतता कधी भेटलीच नव्हती. स्वतःचा श्वास ऐकू यायचा. तेव्हा आवाज आधी भरून ठेवायची सोय आमच्या वाट्याला नव्हती. जे बोलाल ते त्याच क्षणी घरोघर. दारावरचा लाल दिवा लागला की बाई बोट ओठांवर ठेवायच्या. कागद वाजू द्यायचा नाही, खोकायचं नाही, चुकलं तर मागे फिरायचं नाही. निर्मला माझा हात धरून उभी राहायची. तिचा तळवा घामाने चिंब असायचा, माझाही. पण बोलायला सुरुवात झाली की माझी भीती कुठे जायची कोण जाणे. बाई मला खुणेने मागे सरकवायच्या, अजून मागे. बाकीची मुलं मायक्रोफोनला चिकटून बोलायची, मी भिंतीजवळून.

गल्लीत रेडिओ एकाच घरी होता, सुताचे दलाल होते त्यांच्याकडे. रविवारी ते तो ओट्यावर आणून ठेवत आणि सगळी गल्ली जमे. पहिल्या रविवारी मी घरी आले तेव्हा बाबा मागावर बसलेले होते, पण माग बंद होता.

"पोट्ट्याचं काम काहून करून राहिली तू?"

त्यांनी ओळखलं होतं. मागावरून आरपार जाणारा तो आवाज त्यांनी रोज ऐकला होता. त्यांना कोण फसवणार?

"तो पोट्टा बिमार पडला, बाबा."

ते बराच वेळ धाग्यांवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, आता जाणं बंद. शेवटी म्हणाले, "कोणाले सांगू नोको. लोक इचारतील तं चिमणी म्हणजो."

आणि लोक विचारायचेही नाहीत. त्यांनी धरूनच टाकलं होतं. विहिरीवर बाया मायला म्हणायच्या, "किती गोड रडते वं तुही पोरगी! आमचे डोळे भरून आले." माय मान हलवायची. मी बादली ओढत राहायची. सूर्याचंही कौतुक व्हायचं. "तो पोट्टा कोणाचा हाये बाप्पा, काय आवाज हाये त्याचा!" असं दलालकाका म्हणायचे आणि बाबा दुसरीकडे बघायचे. माझं कौतुक माझ्यासमोर दुसऱ्या कोणाच्या नावावर जमा होत होतं, आणि न केलेल्या रडण्याची शाबासकी मला मिळत होती. रविवार जवळ आला की आनंद व्हायचा आणि चोरी केल्यासारखंही वाटायचं. एका छोट्या खोट्याचं किती मोठं होऊ शकतं, याचा अंदाज आम्हा तिघांपैकी कोणालाच नव्हता.

तो अंदाज आला आत्याच्या तोंडून. उमरेडला तिने सांगितलं होतं, भावाची पोरगी रेडिओत बोलते, आवाज म्हणजे साखर. तिथल्या एका घरी चार माग होते, मुलगा हाताला चांगला होता. त्या घरच्या बाईंनी रेडिओवर चिमणीला ऐकलं आणि निरोप धाडला. पोरगी पाहायची आहे.

"आवाजावरच भाळली ते," आत्या म्हणाली. "म्हणे, अशी नरम पोरगी आमाले पाहिजे."

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मायने बघितलं. कांडीवरचा धागा तुटला आणि ती तो जोडायलाही विसरली.

पाहुणे, म्हणजे मुलाचे आईवडील, शेवटच्या रविवारी येणार होते. नाटकाचा शेवटचा भागही त्याच दिवशी. बाबांनी मला जाऊ दिलं. पाहुण्यांना दलालांच्या ओट्यावर बसवून रेडिओ ऐकवायचा आणि मग घरी मुलगी दाखवायची, असं आत्याने ठरवलं होतं. निघताना माय दारापर्यंत आली. तिने माझ्या वेणीची रिबन उगाचच सोडून पुन्हा बांधली. फार घट्ट बांधली.

त्या सकाळी लाल दिवा लागला तेव्हा मी रेडिओच्या खोलीत नव्हतेच. मनाने मी ओट्यावर होते. आधी चिमणीचा प्रवेश होता. निर्मला बोलायला लागली, "दादा, अजून कसा आला नाहीस रे?" आणि मला कळत होतं, की आत्ता, या घटकेला, गल्लीतले सगळे डोळे बाबांकडे वळले असतील. निर्मला सुंदर रडली. मग बाईंनी मला खूण केली. मी भिंतीपाशी गेले, श्वास भरला आणि राक्षसाच्या दारावर जाऊन उभी राहिले.

ओट्यावर काय झालं ते मायने मला खूप वर्षांनी सांगितलं. चिमणी रडायला लागली तसं पाहुण्यांनी बाबांना विचारलं, "हेच का तुमची पोरगी?" बाबांनी आधी रेडिओकडे बघितलं. मग म्हणाले, "हो. हेच." पाहुणीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. ऊन चढत होतं, ऐकायचं ते ऐकून झालं होतं, म्हणून बाबा सगळ्यांना घेऊन घरी आले. राक्षसाच्या दाराशी काय झालं ते ऐकायला त्यांच्यातलं कोणी थांबलं नाही.

बाईंनी मला रिक्षाने घरी सोडलं. मागावर चादर टाकली होती. पाहुण्यांचा मान म्हणून गल्लीतले सगळे माग बंद. मायने मला बाबांनीच विणलेलं लुगडं नेसवलं आणि मी चहा घेऊन पुढे गेले. दाराला ओली वाळ्याची ताटी लावलेली होती, तिच्यातून हिरवट अंधार आत येत होता. पाहुणे पाटावर, पाहुणीबाई भिंतीला टेकून, आत्या त्यांच्या शेजारी. पाहुणीबाईंनी नाव विचारलं. कांड्या भरता येतात का विचारलं. मी खाली बघून हळू उत्तरं दिली. सगळं बरं चाललं होतं. बाबांच्या कपाळावर मात्र घाम होता, त्या ताटीच्या गारव्यातही.

मग पाहुणीबाई पुढे सरकून प्रेमाने म्हणाल्या, "ते रेडिओतलं म्हणून दाखव नं बाई. 'दादा, जाऊ नको' वालं. तुह्या तोंडून ऐकू दे."

मला चिमणीचं अक्षर न् अक्षर पाठ होतं. निर्मला कुठे श्वास घेते, कुठे हुंदका देते, तेही. मनात आणलं असतं तर मी हुबेहूब म्हटलं असतं.

"म्हण नं, अनसू," बाबा म्हणाले.

मी वर बघितलं. बाबा रागावलेले नव्हते. ते विनवत होते. आपला बाप डोळ्यांनी विनवताना मी पहिल्यांदा बघत होते, आणि त्याने माझा जीव कासावीस झाला. हातमागाला बरे दिवस राहिले नव्हते. चार मागांच्या घरी पोरगी गेली तर तिला ददात पडणार नाही, एवढंच त्यांना दिसत होतं. मी तोंड उघडलं. "दादा," एवढं म्हणाले आणि पुढचा शब्द येईना. पुन्हा "दादा" म्हणाले.

"ते तिचं काम नोहे."

कोण बोललं ते मला क्षणभर कळलंच नाही. माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. डोक्यावरचा पदर नीट, दोन्ही हात पदराखाली.

"रडे ते दुसरी पोरगी होती," ती म्हणाली. "माही पोरगी सूर्या होती."

आत्याच्या हातातली बशी वाजली. पाहुणे बाबांकडे वळले. "आन् तुम्ही तं म्हटलं गा, हेच म्हणून?"

बाबांनी मान खाली घातली. "बायको सांगते ते खरं हाये."

पाहुणे उठायला लागले. पाहुणीबाई मात्र तशाच बसून होत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या, मघापेक्षा वेगळ्या नजरेने. "थांबा जरा," त्या नवऱ्याला म्हणाल्या आणि मला म्हणाल्या, "मंग ते म्हण. त्या पोट्ट्याचं म्हण."

आता माझ्याकडे लपवायला काही उरलं नव्हतं. मी उभी राहिले.

"राक्षसा, दार उघड! सगळं गाव तहानलं आहे. तू उघडलं नाहीस तर मी इथून हलणार नाही!"

माग बंद असताना मी त्या घरात कधी मोठ्याने बोललेच नव्हते. माझा आवाज भिंतींवर आपटला, ताटीतून बाहेर गेला आणि समोरच्या ओट्यावरून कोणीतरी डोकावून बघितलं. माझी मीच दचकले. पाहुणीबाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. त्यांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जोरदार हाये," त्या म्हणाल्या. मग आणखी हळू म्हणाल्या, "पण आमच्या घरी नाही निभायचं, बाई." आणि नवऱ्यामागे निघून गेल्या. त्या वाक्यात त्या माझ्याबद्दल बोलल्या की स्वतःबद्दल, हे मला पुढे अनेकदा आठवून पडताळावंसं वाटलं. त्या मला पुन्हा कधी दिसल्या नाहीत.

उमरेडहून निरोप आला नाही. गल्लीत मात्र बातमी फिरली. बायांनी मायला कुरड्या घालायला बोलावणं सोडलं. त्या उन्हाळ्यात आमच्या कुरड्या आम्ही दोघींनीच घातल्या. आत्या वर्षभर आली नाही. जूनमध्ये लिमये बाई हायस्कूलचं विचारायला आल्या तेव्हा बाबा "पाठवतो" एवढंच बोलले. पुढे मी शिकले, शिकवलं, मनाजोगं लग्नही झालं. बाईंनी पुढच्या सुट्टीत नवं नाटक लिहिलं. त्यात बहीणभाऊ दोघंही डोंगरात गेले. तेही फार धिटाईने नाही; बहिणीला बाईंनी वाटेत एकदा पाय मुरगळायला लावलाच. सवय अशी एका लिखाणात सुटत नाही. इतकी वर्षं झाली तरी सुटली नाही, हे मी टीव्हीपुढे बसून रोज बघते. लहान मुलांना आपण गोष्ट सांगतो असं आपल्याला वाटतं. ती मात्र त्यात आपलं काम शोधत असतात, आणि एकदा सापडलं की किती इमानाने करत बसतात.

पण त्या उन्हाळ्यातलं मला सगळ्यात जवळचं जे आहे, ते पाहुण्यांच्या खोलीतलं नाही. ते त्यानंतर काही दिवसांनी झालं. पाहुणे गेल्यापासून बाबा माझ्याशी बोलले नव्हते. मायशीही कामापुरतंच. ते मागावर बसायचे, जेवायचे, झोपायचे. मला वाटायचं, रागावतील तर बरं. एकदाचे ओरडतील तर सुटेन. घरातल्या खटखटीखाली ती शांतता दिवसेंदिवस जाड होत चालली होती.

एका संध्याकाळी मी त्यांच्या बाजूला बसून कांड्या भरत होते. उन्हाची धग अजून जमिनीतून वर येत होती. माय पाण्याचा तांब्या ठेवून गेली. बाबांनी माग थांबवला. पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं,

"मंग? उघडलं का त्यानं दार?"

मला कळेना. "कोणी, बाबा?"

"राक्षसानं. आमी तं मधातूनच उठून आलो."

माझ्या हातातला रहाट थांबला. "नाही उघडलं," मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक निघाला, की मलाच नीट ऐकू आला नाही.

"मंग काय केलं पोट्ट्यानं?"

मी सांगायला लागले. सूर्या दाराशीच कसा बसला, राक्षसाने आतून काय काय धमक्या दिल्या. बाबांनी मान डोलावली, पाय खाली दाबले आणि माग पुन्हा सुरू केला. खटखट, खटखट. माझे शब्द त्यात बुडून गेले. मी थांबले.

"थांबली काहून?" बाबा मागावरून ओरडले. "मोठ्यानं सांग नं. माग चालू हाये."